दिवस बुडायच्या आत

सूर्यास्ताचं चित्र काढायचं म्हणजे आमच्या घरात उपाशी झोपायची तयारी ठेवावी लागायची. हे मी माझ्या नातीला सांगितलं तर ती हसत सुटली. ती इथं बेळगावात, गॅलरीत बसून, मोबाईलवर व्हिडिओ लावून बघता बघता सूर्यास्त उरकते. कागदाच्या कडांना चिकटपट्टी लावायची, स्पंजानं पिवळा, केशरी, जांभळा थोपटायचा, मधोमध एक पांढरा गोल, खाली काळी नारळाची झाडं, एक होडी, होडीत एक माणूस. पट्टी ओढून काढली की झालं तळं. परवा ब्रश दातात धरून तिनं विचारलं, "आज्जी, होडीतल्या माणसाला डोळे काढू?" मी म्हटलं, "नको गं बाई, त्याचं तोंड काळंच राहू दे." आणि म्हटल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. जन्मभर शाळेत ड्रॉइंग शिकवलं, हे वाक्य किती पोरांना सांगितलं असेल देव जाणे, पण दरवेळी ते कुठंतरी टोचतंच. का टोचतं ते आता लिहून टाकते, म्हणजे मी मोकळी.

आमचं गाव निपाणीच्या अलीकडं, हमरस्त्यापासून आत. घर जैन शेतकऱ्याचं. शेतात तंबाखू, सोप्यात तंबाखू, अंगावरच्या कपड्यांना तंबाखूचा वास. खकाणा, म्हणजे तंबाखूची बारीक धूळ, नाकात गेला की पाव्हणे शिंकून बेजार व्हायचे आणि आम्ही पोरी त्यांना हसायचो. आम्ही दिवस बुडायच्या आत जेवणारी माणसं. सूर्य गेल्यावर तोंडात घास घालायचा नाही, चूल पेटवायची नाही; पाणी तेवढं चालायचं. घड्याळ होतं, पण आईचा त्याच्यावर विश्वास नव्हता. पश्चिमेच्या झरोक्यातनं उन्हाची तिरीप यायची, ती चुलीच्या भिंतीवरनं सरकत फडताळावर चढली की आईचा आवाज घरभर फिरायला लागायचा, "दिवस गेला! अगं दिवस गेला, बसा की जेवायला!" मग जोंधळ्याच्या भाकरी थापल्याचा धपधप आवाज, मोरीवर आप्पांचं हातपाय धुणं, ताटांचा खडखडाट, मुगाची आमटी, शेंगाची चटणी, वाटीभर ताक. सगळ्या जगाला सूर्यास्त म्हणजे शोभा असते, आम्हाला ती नुसती घाई होती. आमच्या घरात सूर्य बुडताना कुणी बघितला असेल तर फडताळावरच.

आप्पा, म्हणजे माझे वडील, ताटावर बसले की बोलायचे नाहीत. पण माझी थोरली बहीण सुलोचना, आमची आक्का, असायची तेव्हा त्यांना बोलतं करायची. आक्का आप्पांवर गेली होती. रंग, कपाळ आणि उभं राहायची तऱ्हासुद्धा. पाठीमागं एका हातानं दुसऱ्या हाताचं कोपर धरायचं आणि मान जरा डावीकडं टाकायची. दोघं शेताच्या बांधावर असे उभे राहिले की गडीमाणसं हसायची, "थोरलं आप्पा कुटलं, धाकटं आप्पा कुटलं?" गावातल्या शहाण्या माणसांचं न ऐकता आप्पांनी तिला शिक्षिकेच्या कोर्सला बेळगावला पाठवलं, स्वतः निपाणीला नेऊन गाडीत बसवलं. तिथं हॉस्टेलच्या पोरींबरोबर ती जवळच्या कडोली गावात साहित्य संमेलन ऐकायला गेली. मांडवात पाणी वाटणारा एक पोरगा होता, मारुती नावाचा, तिथल्याच मराठ्यांच्या घरातला, बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. आक्कानं भाषण किती ऐकलं आणि पाणी किती प्यायलं ते तिचं तिला ठाऊक. कोर्स संपला आणि तिनं त्याच्याशी लग्न केलं. घरी तार आली नाही, माणूस आला नाही, बातमी तेवढी आली. आप्पा तंबाखूच्या बोदावर, म्हणजे भरलेल्या मोठ्या पोत्यावर, बसले होते. ते एवढंच म्हणाले, "तिनं तोंड काळं केलं. आजपासनं तिचं नाव ह्या घरात काढायचं न्हाय." आणि आम्ही काढलं नाही. ताटं मांडताना आईचा हात मात्र कितीतरी दिवस एक ताट जास्त उचलायचा.

पुढच्या वर्षी सुगी आटपल्यावर एका दुपारी मारुतीची आई आमच्या दारात येऊन उभी राहिली. ठेंगणी, कष्टाळू बाई, डोक्यावर पदर, हातात चिरमुऱ्याची पुडी. कडोलीहून दोन गाड्या बदलून आली होती. आप्पांनी तिला बसायला सांगितलं, पाणी द्यायला लावलं. तेवढी माणुसकी त्यांच्यात होती. ती म्हणाली, "सुलोचनाला दिवस गेलेत. आठवा लागलाय. पयलं बाळातपण म्हायारात व्हायला पायजे, न्हाय का? ती तोंडानं बोलत न्हाय, पर रोज वाटंकडं बघती." आईचे डोळे भरून आले. आप्पा भिंतीकडं बघत म्हणाले, "तोंड काळं करून गेलेल्या पोरीचं बाळातपण ह्या घरात हुणार न्हाय." बाई उठली. उंबऱ्यापाशी वळून म्हणाली, "एक सांगतो अण्णा. तुमची पोरगी आमच्यात येऊनबी दिवस बुडायच्या आत जेवती. एक दिस चुकली न्हाय. आमीबी तिच्यासंगट लौकर जेवाय शिकलोय." (आमच्या भागात बायकाही 'सांगतो, आलो, गेलो' असंच बोलतात. पुण्याची माणसं हसतात, हसू देत.) ती गेली. आप्पा त्या संध्याकाळी अर्ध्या भाकरीवर उठले, आणि आई चुलीपुढं बसून मला म्हणाली, "म्हयन्या-दीड म्हयन्याचा सवाल हाय गं पद्मे. नंतर आनली काय आन न आनली काय." तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता, फक्त तो कुणी बोलत नव्हतं.

अशातच आमच्या शाळेत गॅदरिंगचं चित्रप्रदर्शन निघालं. ड्रॉइंगचे मास्तर धारवाडकडचे होते. शाळा मराठी, मास्तर कानडी. मराठी बोलायची हौस दांडगी, पण बाई कोण आणि बाप्या कोण ह्याचा पत्ता नसायचा. त्यांच्या तोंडी सूर्य बाई होता आणि नदी बाप्या. मला त्यांनी सांगितलं, "पद्मावती, तू तळं काढ. सूर्य बुडली पायजे, पाण्यात तिचा उजेड पडला पायजे." मी काढलं. निळं आभाळ, निळं पाणी, मधे कुंकवासारखा लाल गोळा, आणि बांधावरनं भारे घेऊन जाणाऱ्या बायका; प्रत्येकीला डोळे, नाक, कपाळाला टिकली, बांगड्यासुद्धा. मास्तरांनी चित्र हातभर लांब धरलं आणि कपाळाला हात लावला. "तू सूर्य बुडताना कधी बघितलीय काय गं?" मी मान हलवली, नाही म्हणून. "कशी बघणार! तुम्ही जैन लोक, सूर्य बुडताना ताटात बघतात! उद्यापासून तळ्यावर जाऊन बस." मग ब्रश काळ्या शाईत बुडवून माझ्या हातात दिला आणि वर्गभर ऐकू जाईल असं म्हणाले, "उजेड मागं हाय, म्हणून पुढच्या सगळ्या बायकांचं तोंड काळं करून टाक!"

वर्गातल्या पोरी खुसुखुसू हसायला लागल्या. आमच्या घरात काय झालंय ते सगळ्या गावाला माहीत होतं. माझ्या डोळ्यातनं घळाघळा पाणी आलं. मास्तर बिचारे घाबरले. त्यांना वाटलं, आपलं मराठी पुन्हा कुठंतरी घसरलं. "अग, रडू नको, मी वाईट काय बोललो? बघ हिकडं." ते उठून खिडकीत जाऊन उभे राहिले, उन्हाकडं पाठ करून. "माझं तोंड बघ. काळं दिसतंय काय न्हाय?" दिसत होतं. चष्मासुद्धा दिसत नव्हता. "मी काय वाईट काम केलो? उजेड मागं हाय, एवढंच. तू हिकडनं तिकडं ये, मग दिसतंय." मी उठून खिडकीच्या बाजूला गेले, ते माझ्याकडं वळले, तर त्यांचं गोल, घामेजलेलं, कावरंबावरं तोंड लख्ख उन्हात. "छलो ऐती," ते म्हणाले, म्हणजे बरं आहे असं त्यांच्या कानडीत, आणि मला खडीसाखरेचा खडा दिला. ते साधं सांगत होते, पण माझ्या डोक्यातनं ते काही जाईना.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळा सुटली की थेट तळ्यावर. पहिल्या संध्याकाळी तर मी अशी भान हरपून बसले की सांगता सोय नाही. सूर्य खाली आला तसं पाणी आधी पिवळं झालं, मग केशरी, मग बांधाच्या कडेला जांभळी किनार. पाण्यातला सूर्य गोल नव्हताच मुळी. तो आडव्या रेघारेघांनी तुटत माझ्या पायापर्यंत आला होता. पलीकडच्या बांधावरनं तंबाखूच्या रानातल्या बायका चालल्या होत्या, त्यांच्या खाली त्याच बायका पाण्यात डोकं खाली करून चालल्या होत्या, आणि दोन्हीकडं एकीचंही तोंड दिसत नव्हतं. कोण कुणाची लेक, कोण कुणाची सून, काही कळायला मार्ग नव्हता. घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता. माझं ताट पालथं घातलेलं. आप्पा म्हणाले, "नेम म्हंजे नेम." मी तांब्याभर पाणी पिऊन झोपले. पोटात कावळे नुसते ओरडत होते, पण डोळ्यापुढचा केशरी रंग काही हलत नव्हता.

आईच्या जिवाला ते सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी आप्पांना लवकर वाढून, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन येते असं सांगून ती निघाली आणि पदराखाली फडक्यात भाकरी घेऊन थेट तळ्यावर आली. "खा आदी. दिवस अजून हातभर हाय वर." मी भाकरीवर चटणी घेऊन खात होते आणि ती माझ्याशेजारी बसून पाण्याकडं बघत होती. बघता बघता तिचा पदर डोक्यावरनं खाली आला तरी तिला कळलं नाही. "अगंबाई," ती म्हणाली, "लगीन होऊन आलो त्याला किती वरसं झाली, दिवस बुडताना बघायची येळच आली न्हाय बघ." मग तिनं माझा कच्चा कागद घेतला. मी मास्तरांचं म्हणणं तिला समजावून सांगितलं, की माणसांना नाकडोळे काढायचे नाहीत, उजेड मागं असतो, सगळीच काळी दिसतात. मग इकडंतिकडं बघून, कुणी नाही अशी खात्री करून, हळूच म्हणाली, "तोंडच काढायचं नसलं तर आक्काला काढ की गं. घरात येऊन बसंल. कुनाला कळायचं न्हाय."

आईसारखी साधी बाई असली युक्ती करेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी काढली. मोठा कागद पाण्यानं ओला करून वर पिवळा, त्यात केशरी, त्यात कडेनं लाल सोडला. तेच खाली पाण्यात उलट्या क्रमानं. सूर्याची जागा कोरी ठेवली, कारण पांढरा रंग लावून सूर्य होत नाही, तो ठेवावा लागतो. लांब भारेवाल्या बायकांची ओळ. आणि अलीकडच्या बांधावर, सूर्याकडं तोंड आणि आपल्याकडं पाठ करून, एकटी उभी आक्का: पाठीमागं कोपर धरलेलं, मान डावीकडं, खांद्यावरनं लोंबणारा पदर. तिच्या पायाखाली पाण्यात तिचं प्रतिबिंब, जरा फिकट, जरा हललेलं. शाई घालताना मला भीती वाटली नाही. काळा रंग एवढ्या मायेनं मी पुन्हा कधी लावला नाही. वाळायला म्हणून चित्र सोप्यातल्या कोनाड्यात ठेवलं. आई जातायेता पदरानं कोनाड्याची कड पुसायची, तिथं धूळ नसली तरी.

आप्पांनी ते जेवायच्या आधी बघितलं. हातपाय धुऊन आले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि कोनाड्यापुढं थांबले. आम्ही दोघी चुलीपाशी. ते उभे राहिले ते अगदी तसेच, पाठीमागं कोपर धरून, मान डावीकडं. बघत राहिले, बघत राहिले, आणि त्यांच्या मिशीखाली हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. "आगं ए पद्मे, हा मीच न्हवं? मला कवा बघितलंस गं तळ्यावर? टॉवेल बरा काढलास की खांद्यावरचा."

आईनं माझ्याकडं बघून मान हलवली, गप्प बस म्हणून. पण माझी जीभ लहानपणापासून माझ्या ताब्यात नाही. मी म्हटलं, "टॉवेल न्हाय त्यो, आप्पा. पदर हाय."

आप्पांचं हसू गेलं. त्यांनी पाठीमागचं कोपर सोडलं, जणू कुणी चिमटा काढला. ते वाकून जवळ गेले, पुन्हा मागं आले. भाकरी तव्यावर करपली तरी आईनं उलटली नाही. मला वाटलं, आता कागदाचे तुकडे होणार. आणि आप्पा माझ्यावर ओरडले, इतके मोठ्यानं की गोठ्यातली म्हैस बिथरली, "अक्कल हाय का न्हाय तुला? दिवस बुडताना पोटुशी पोरगी एकटी पान्याच्या कडंला हुबी केलीस? कुनीतरी नगं व्हय तिच्या शेजारी?"

एवढं बोलून ते खाली बसले आणि टॉवेलात तोंड घालून रडायला लागले. आप्पांना रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. आई उठून त्यांच्याजवळ गेली. फडताळावरची तिरीप कधी विझली ते आम्हाला कळलं नाही. त्या संध्याकाळी घरात कुणीच जेवलं नाही, आणि कुणाला भूकही नव्हती.

सकाळी मी उठले तेव्हा आप्पा पहिल्या गाडीनं गेले होते, धुवट धोतर नेसून, बरोबर शेंगाच्या लाडवांचा डबा घेऊन. कडोलीत काय झालं, कोण काय बोललं, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही, आक्कानं सांगितलं. उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले, "न्ह्यायला आलोय," आणि लाडवांचा डबा पुढं केला. मग मारुतीच्या आईनंच हात धरून आत नेलं. दिवसभर मला घरात करमेना. शेवटी मी शाई काढली आणि चित्रातल्या आक्काच्या शेजारी आणखी एक माणूस उभा केला, तसाच कोपर धरलेला. ते चित्र आज माझ्या बैठकीत आहे. येणारा प्रत्येकजण विचारतो, ह्यातला बाप कुठला आणि लेक कुठली. मी सांगत नाही; खरं तर आता माझी मलाही खात्री नाही.

त्या दिवशी आप्पा आणि आक्का येईपर्यंत दिवस बुडाला. वाटेत गाडी बंद पडली होती. गावात करंट नेहमीसारखा गेलेला, आईनं चुलीच्या बाजूला कंदील लावला होता. "आलो गं आई," आवाज आला, आणि आक्का दारातनं आत आली, जड, दमलेली, सुजलेल्या पायांनी. आई तिला नुसती चाचपत राहिली. मग आईचं लक्ष विझलेल्या चुलीकडं गेलं आणि ती आप्पांकडं बघायला लागली. दुपारपासून पोरीच्या पोटात काही नव्हतं. आक्कालाही ते कळलं. ती म्हणाली, "असू दे आई. दिवस बुडालाय. मी न्हाय जेवत. सकाळी जेवतो."

आप्पा दारातच टोपी काढत होते. म्हणाले, "चूल पेटीव."

"आवं, पर नेम..." आई म्हणाली.

"नेम माझा हाय, तिचा हाय. पोटातल्या जीवानं कुटं नेम घेतलाय?" आणि कुणी हलत नाही असं बघून त्यांनी स्वतःच शेणकुटं मोडून चुलीत घातली. त्या चुलीत अंधार पडल्यावर जाळ झाला तो तेवढाच, आधी नाही आणि नंतर नाही.

आईनं गरम भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा. आक्का चुलीकडं पाठ करून, पाटावर पाय पसरून बसली. आप्पा स्वतः उपाशीच होते, पण तिच्या समोर मांडी घालून बसले. आक्कानं घास मोडला आणि मान वर केली. कंदील तिच्या मागं, जाळही मागं. तिचं तोंड मला नुसतं काळं दिसत होतं, आणि आप्पांनाही तसंच दिसत असणार, कारण ते डोळे बारीक करून बघत होते.

"आगं," ते आईला म्हणाले, "त्यो कंदील फुडं आन जरा. पोरीचं तोंड दिसंना झालंय मला."

आईनं कंदील उचलून पुढं ठेवला.